आठ मिलिग्रॅम

पेटी अक्रोडाच्या लाकडाची, आत हिरवी मखमल.
वरच्या रांगांत पितळी वजनं, बुटकी, डोक्यावर बोंडं असलेली,
आणि तळाला, काचेखाली,
पत्र्याचे इवले चौकोन, एकेक कोपरा वर वळलेला,
चिमट्याला धरता यावं म्हणून.
पाच. दोन. दोन. एक.
नाझिब्रोला बजावायची, यांना बोट लावायचं नाही,
बोटाचा घामही वजनात धरला जातो.

कुताइसीतला तो हिवाळा. वीज दिवसातून दोन तास,
तीही कधी, ते कुणालाच ठाऊक नाही.
औषधाच्या दुकानामागची खोली, एक मेणबत्ती, एक तराजू.
मी सतरा वर्षांची, कामावर तिसरा आठवडा,
नाक चोंदलेलं.
शिंकले.

झालं एवढंच.
मखमलीतला एक खळगा रिकामा.
आम्ही दोघी गुडघ्यांवर: फळ्यांच्या फटी,
टेबलाचे पाय, माझा झगा, तिचे केस.
पाच मिलिग्रॅम पडताना आवाज करत नाहीत.

बाहेर बाकावर ओतिया बसलेला, टोपी मांडीवर.
त्याची मुलगी अकरा दिवसांची.
रात्री तिच्या मुठी आपोआप आवळायच्या, डोळे वर जायचे.
चिठ्ठीवर डॉक्टरचं घाईचं अक्षर:
पुडीत आठ मिलिग्रॅम. पुड्या वीस.

आठ म्हणजे पाच, दोन, एक.
मी बोटं मोडत राहिले. उरलेली सगळी मिळून पाचच होतात,
त्यानंतर एकदम दहा.
सहा, सात, आठ, नऊ त्या रात्रीपुरते
गाव सोडून गेलेले.
दहाच दिले तर? मी विचारलं.
ती रागावली नाही. म्हणाली,
तुझी शिंक तुला केवढीशी वाटली होती?

मग तिने डाव्या पारड्यात दहाचं ठेवलं,
उजव्यात दोनचं,
आणि उजव्यातच, त्या दोनच्या शेजारी,
शिंगाच्या चमच्यावरून पांढरी पूड सोडू लागली,
तर्जनीच्या हलक्या टिचक्यांनी.
काटा पुढे गेला, ओशाळून मागे आला,
थांबला.
दहातून दोन वजा. एवढं गणित
मला पहिलीत येत होतं.

वीस वेळा.
उजाडताना ओतियाने पैशांऐवजी
कोटाच्या खिशातून अक्रोड काढून ठेवले, मूठ मूठ.
त्या रात्री तेवढीच एक गोष्ट
आम्ही वजन न करता घेतली.

मुलगी पुढच्या वसंतात दिसली, बापाच्या खांद्यावर,
त्याचा कान ओढत.
नंतर ते रुस्तावीला गेले म्हणतात. पुढचं मला माहीत नाही.

आता दुकान माझं. काटा विजेवरचा;
रस्त्यावरून ट्रक गेला की शेवटचा आकडा चळतो.
म्हातारा जुम्बेर डबी आपटत भांडायला येतो:
पन्नास मायक्रोग्रॅम! एवढ्याचे पैसे घेतेस?
मी सांगते, मिलिग्रॅमचे हजार भाग कर,
त्यातले पन्नास तुझे. बाकीची गोळी म्हणजे भोई,
पालखी उचलून आणणारे.
म्हणजे मी भोयांची मजुरी देतो, तो म्हणतो.
देतोसच. औषध एकटं आलं असतं
तर तुला दिसलंही नसतं.
गळ्याची सूज उतरलीये, हे मात्र तो बोलत नाही.
पुढच्या महिन्यात पुन्हा भांडायला येतो.

परवा सुताराने मागच्या खोलीतल्या फळ्या उखडल्या.
सगळी धूळ मी चाळणीने चाळली,
तो हसत होता, हसू दिलं.
एक टाचणी निघाली. एक कोपेक.
आणि एक दुधाचा दात, कुणाचा कोण जाणे.
काट्यावर ठेवला: तीनशे बारा मिलिग्रॅम.

पेटी उघडली,
पाचच्या खळग्यात तो ठेवून पाहिला.
मावला नाही.